शिंपटी, दहीं आणि अश्रू

साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेलें व १९३५ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘श्यामची आई’ हें पुस्तक आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतील पालगडच्या आठवणींवर उभें आहे. श्याम पोहावयास कसा शिकला, हें त्यांतील प्रकरण पालक व शिक्षक शिक्षेच्या समर्थनार्थ वारंवार पुढें करितात. आईनें शिंपटीनें मारून श्यामला विहिरीवर धाडलें, तो पोहूं लागला. तेव्हां मार हाच खरा गुरु! हा अर्थ त्या प्रकरणावर अन्याय करणारा आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम मानसशास्त्राची साक्ष पाहूं. सुखकर परिणामानें वर्तन दृढ होतें व दुःखद परिणामानें क्षीण होतें, असा नियम थॉर्नडाइक या अमेरिकन पंडितानें १९११ सालीं मांडिला. पुढें १९३२ सालीं त्याचा उत्तरार्ध त्यानेंच बव्हंशीं मागें घेतला. बक्षिसाच्या मानानें शिक्षेचा प्रभाव त्यास तोकडा आढळला. शिक्षेनें वर्तन कांहीं काळ दबतें, नाहींसें होत नाहीं, असें स्किनरच्या १९३८ च्या ग्रंथांतील उंदरांवरील प्रयोगांतही दिसून आलें.

मग दुसऱ्या दिवशीं, शिंपटी उगारलेली नसतां, श्याम आपण होऊन पोहावयास कां निघाला? उत्तर प्रकरणांतच आहे. पोहून आल्यावर आई त्यास दहीं देऊं करिते; तो तें नाकारतो. माराची भरपाई म्हणून आलेलें बक्षीस त्या मानी मुलास रुचत नाहीं. परंतु पाठीवरचे वळ पाहून आईचे डोळे भरून येतात, तेव्हां तो विरघळतो. शिंपटीनें त्यास विहिरीपर्यंत नेलें, एवढेंच. पुढचें कार्य पाण्याच्या अनुभवानें व त्या अश्रूंनीं केलें.

या प्रकरणांत एक उणीव मात्र आहे. कथा सांगणारा श्याम प्रौढ आहे. कृतज्ञतेच्या भरांत त्यानें आईस आधींच क्षमा करून टाकिली आहे. त्यामुळें बालश्यामचा राग दह्याच्या नकारापुरताच ऐकूं येतो, आणि घाईनें वाचणाऱ्याच्या लक्षांत मार तेवढा राहतो.

शिवाय, भीति हा नेहमींच दोष नव्हे. गणपतीपुळ्याच्या समुद्रांत पर्यटक बुडाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. तेथील लाटांत उतरण्यास कचरणारा मुलगा भित्रा नव्हे, शहाणा होय. कोणती भीति घालवावी व कोणती राखावी, हा विवेक मारानें येत नाहीं.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळांतील शारीरिक शिक्षेस बंदी घातली आहे. तरीही श्यामच्या आईचा दाखला देऊन जो छडीची थोरवी गाईल, त्यानें तें प्रकरण शेवटपर्यंत वाचावें, एवढीच आमची विनंती आहे.