भूक मारली, पण कशासाठी?

खाण्याच्या विकारांचा धोका चाचपण्यासाठी डेव्हिड गार्नर व सहकाऱ्यांनी १९८२ साली कॅनडात २६ प्रश्नांची चाचणी तयार केली. २० किंवा अधिक गुण पडले, की पुढील तपासणी हवी. धाराशिवच्या वर्गात ती जशीच्या तशी वापरावी का? आम्हांला शंका आहे.

भूक लागूनही खाणे टाळता का, अशा अर्थाचा एक प्रश्न तीत आहे. तुळजाभवानीचा मंगळवार धरणारी ‘हो’ म्हणेल. दुष्काळात आपली भाकरी धाकट्या भावाला देणारीही ‘हो’ म्हणेल. जाड होण्याच्या धास्तीने डबा तसाच परत नेणारीचे उत्तरही तेच! गुण सारखे, कारणे निराळी.

म्हणून हा विकार खेड्यापाड्यांत नसतोच, असे मात्र समजू नये. फिजी बेटांवरील नाड्रोगा भागात १९९५ साली दूरचित्रवाणी पोचली. वजनासाठी मुद्दाम ओकारी काढणारी एकही शाळकरी मुलगी तेव्हा ॲन बेकर यांच्या पाहणीत आढळली नव्हती. १९९८ साली असे सांगणाऱ्या ११.३ टक्के निघाल्या.

तेव्हा शिक्षकमित्रहो, गुण मोजण्याआधी एकांतात, न रागावता ‘का?’ एवढे विचारू या. वजन घटत असेल, चक्कर येत असेल, तर डॉक्टरांकडे पाठवू या.