खो घालणारी माणसे

मराठी भाषेने ज्या शब्दांवर अन्याय केला आहे, त्यांत 'खो' या शब्दाचा नंबर फार वरचा लागेल. कुणाचे लग्न मोडले, कुणाची बदली अडली, की आपण लगेच म्हणतो, 'अमक्याने खो घातला!' आणि गिऱ्हाईकाला एका काउंटरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून साहेबांकडे धाडले, तर त्याला 'खो-खो खेळणे' म्हणतात. हा सामना गेली वीस वर्षे मी काउंटरच्या आतल्या बाजूने, म्हणजे अगदी फुकट पास असल्यासारखा पाहत आलो आहे.

मैदानावर मात्र खो देणे याचा अर्थ अगदी उलटा. तिथे खो म्हणजे, 'बाबा रे, मी पळालो तेवढे पुरे. आता तू ऊठ, मी तुझ्या जागी बसतो.' आता सांगा, लोहाऱ्यापासून दिल्लीपर्यंत स्वतःहून जागा सोडणारा माणूस तुम्ही आणखी कुठे पाहिला आहे? एसटीत तर नाहीच नाही.

आमचा एक मावसभाऊ अमेरिकेत असतो. तो तिकडच्या फुटबॉलचा भक्त. चेंडू बहुतेक वेळ हातात असताना त्याला फुटबॉल का म्हणायचे, हे त्याने मला अजून समजावलेले नाही; पण बाकीचे समजावले. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचे. पुढच्या रांगेतल्या पाच आडदांड गड्यांनी समोरच्यांना थोपवून धरायचे, म्हणजे मागच्याला चेंडू फेकायला सवड मिळते. या पाचांना पुढे फेकलेला चेंडू झेलायची सहसा परवानगीसुद्धा नसते! ऐकून माझे डोळे पाणावले. सगळ्या नोंदी क्लार्कने करायच्या आणि सही साहेबांनी ठोकायची, हा प्रकार अमेरिकेतही आहे तर! संघभावना म्हणतात ती हीच, हे मला मान्य आहे.

पण खो-खो याच्याही एक पाऊल पुढे जातो. पारंपरिक खेळात आठ जण एका ओळीत आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पळतो. पळणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे फिरायचे नाही, आणि मधली रेषाही ओलांडायची नाही. गडी पलीकडच्या बाजूला निसटला, तर कितीही चपळ असलात तरी उपयोग शून्य. तिकडे तोंड करून बसलेल्याला पाठीमागून खो द्यावाच लागतो. एकट्याचा पराक्रम नियमानेच अपुरा ठरवलेला दुसरा खेळ मला माहीत नाही. मी कॉमर्सचा माणूस; मला यात चोख दुहेरी नोंद दिसते. एक उठला की एक बसलाच पाहिजे. शिवाय इथे कायमचा साहेब कुणीच नाही. आत्ता बसलेला पुढच्या क्षणी पळणारा असतो. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधले, तेव्हा त्यांच्या मनात काय होते देव जाणे. पण एवढी लोकशाही पुढे आपल्याला दुसरीकडे जमलेली नाही.

म्हणूनच तो नवा 'वजीर' पाहून मला जरा ठसका लागतो. २०२२ साली पुण्यात अल्टिमेट खो-खो लीग झाली, तीत मैदानात नवाऐवजी सात पाठलाग करणारे आले आणि त्यांत एक वजीर आला. त्याला वाटेल त्या दिशेने पळायची मुभा. खेळ वेगवान झाला, टीव्हीवर दिसू लागला, हे खरे. पण ज्याला मागे वळता येते, त्याला शेजाऱ्याची गरज कमी लागते, हेही तितकेच खरे. सगळ्यांना एक नियम असलेल्या घरात जावई शिरावा, तसे झाले!

तरीही मी तोंड आवरते घेतो, आणि त्याला कारण आमचा जिल्हा आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांनी घरच्या गरिबीतून वाट काढत २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचे नेतृत्व केले आणि सुवर्णपदक आणले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोतल्या खेळाडूला तो तब्बल २२ वर्षांनी मिळत होता. बावीस वर्षे ओळीत बसून खोची वाट पाहायची, म्हणजे काय चेष्टा आहे? मग जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. तो याच वेगवान, वजीरवाल्या पद्धतीने. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले आणि मुलांनी ५४-३६ असे. दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. वजिरामुळे चार लोक सामना पाहणार असतील आणि त्यामुळे आमच्याकडच्या एखाद्या पोरीच्या ताटात भाकरीबरोबर दूधही येणार असेल, तर वजीर खुशाल पळो.

अट एकच. त्याने पळून दमल्यावर खो द्यावा आणि निमूट खाली बसावे. हे ज्याला जमत नाही, तो कितीही वेगाने पळाला तरी माझ्या हिशेबी तो खेळाडू नव्हे, पुढारी.