‘बीजक’ : ग्रंथनामाचा अर्थ व उगम

कबीरपंथाच्या ‘बीजक’ या ग्रंथाचे नाव मराठी वाचकाला प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटते. आजच्या मराठीत बीजक म्हणजे पाठविलेल्या मालाचा तपशील व किंमत देणारा व्यापारी कागद. १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या भिलाईत, पोलाद कारखान्याच्या निमित्ताने स्थायिक झालेल्या मराठी भाषकांना तो याच अर्थाने परिचित असतो. परंतु त्याच छत्तीसगडात दामाखेडा येथे कबीरपंथाच्या धर्मदासी शाखेचे पीठ आहे. तेव्हा धर्मग्रंथाचे नाव म्हणूनही तोच शब्द त्यांच्या कानी पडतो. हे दोन अर्थ केवळ योगायोगाने एकत्र आले आहेत काय, हा प्रश्न विचारणीय आहे.

संस्कृत ‘बीज’ शब्दाला ‘क’ प्रत्यय लागून ‘बीजक’ हे रूप सिद्ध होते. त्यावरून ‘ज्ञानाचे बीज’, ‘कबीरवाणीचे सार’ असा अर्थ सामान्यतः लावला जातो. तो भक्तिभावाला अनुकूल असला, तरी ग्रंथांतर्गत पुरावा निराळा आहे. रमैनी विभागातील एका साखीत या शब्दाचा उलगडा आलेला आहे. गुप्त धन कोठे आहे ते जसे बीजक दाखविते, तसा शब्द जीवाला त्याचे स्वरूप दाखवितो. मात्र ते जाणणारा विरळा, असा तिचा आशय. येथे बीजक म्हणजे पुरलेल्या धनाचा ठावठिकाणा सांगणारा लेख.

हा अर्थ व्यापारी अर्थाच्या निकटचा आहे. मालाचे बीजक गाठोडे न सोडताच आतील वस्तू सांगते. धनाचे बीजक जमीन न खणताच धनाची जागा सांगते. दोन्ही ठिकाणी कागद म्हणजे वस्तू नव्हे. वेद व कुराण यांच्या शब्दप्रामाण्यावर टीका करणाऱ्या वाणीच्या संग्रहाला स्वतःकडे गौणत्व घेणारे हे नाव विशेष साजते. ‘बीज’ एवढाच अर्थ घेतल्यास ग्रंथच धन ठरतो व पूजेचा विषय होतो.

अर्थात, ही वाणी पंथात पुढे संकलित झालेली असल्याने नावामागील दृष्टी कबीरांची की संकलनकारांची, हे निश्चयाने सांगता येत नाही. शाखाभेदही लक्षात घ्यावा लागतो. काशीच्या कबीरचौरा शाखेत बीजकाला विशेष मान आहे. धर्मदासी शाखेत ‘अनुरागसागर’सारख्या ग्रंथांचे महत्त्व अधिक. रीवाचे महाराज विश्वनाथसिंह यांनी तर बीजकावरील आपल्या टीकेत सगुण रामाचे प्रतिपादन केले. म्हणजे कागद एकच असूनही त्यात दर्शविलेले धन कोणते, याविषयी वाचकांचे एकमत झाले नाही.

मराठीत याला समांतर उदाहरण ‘भावार्थदीपिका’ या नावाचे आहे. दीपिकाही स्वतः वस्तू नसून वस्तू दाखविणारे साधन होय. परंतु परंपरेने ‘ज्ञानदेवी’, ‘ज्ञानेश्वरी’ ही कर्त्याच्या नावावरून आलेली नावे रूढ केली आणि साधनवाचक नाव मागे पडले. बीजकाच्या बाबतीत नाव टिकले, पण त्याचा अर्थ ‘सार’ या दिशेने सरकला. श्रद्धेची प्रेरणा दोन्हीकडे समान आहे. ग्रंथाने स्वतःसाठी स्वीकारलेले गौणत्व ती सहसा मान्य करीत नाही. व्यवहारातील बीजक मात्र तो मूळ अर्थ अद्याप जपून आहे.