खलनायकाचा व्यूह

प्रतिनायकाची हार लेखकानें आधींच ठरविलेली असते. पण ती त्याच्याच हातून घडली, असें प्रेक्षकाला वाटलें पाहिजे. 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेंतील १९९७ सालचा 'सॅक्रिफाइस ऑफ एंजल्स' हा भाग या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

प्रसंग असा. डोमिनियनचा दोस्त, कार्डेशियन सेनानी दुकात, जिंकलेल्या अंतराळ-स्थानकावर ठाण मांडून बसला आहे. शेजारीं दूरच्या प्रांतांत उघडणारें वर्महोल. त्याच्या तोंडाशीं शत्रूनें पेरलेले सुरुंग. ते नष्ट झाले कीं पलीकडून २,८०० जहाजांची कुमक येणार. इकडे वाट अडवून १,२५४ जहाजें उभीं आहेत. चालून येणाऱ्या सिस्कोचें बळ जवळजवळ निम्में. मग दुकातनें करावयाचें काय? कांहीं नाहीं! सुरुंग निघेपर्यंत फळी न मोडतां उभें राहावयाचें.

सिस्को लहान लढाऊ यानें पाठवून कार्डेशियन जहाजांना डिवचतो. तीं चिडून पाठलाग करतील व फळींत खिंडार पडेल, ही अपेक्षा. दुकात हा डाव ओळखतो. येथपर्यंत त्याची तारीफच केली पाहिजे. पण ओळखूनहि तो कांहीं जहाजें मुद्दाम सोडतो. हेतु हा कीं, शत्रूनें खिंडारांत शिरावें आणि दोहों बाजूंनीं चेपला जावा. चक्रव्यूहाचीच ही कल्पना. मात्र येथें दाराशीं जयद्रथ नाहीं. क्लिंगन आरमार बगलेवर येऊन आदळतें आणि त्या गर्दींत सिस्कोचें 'डिफायंट' एकटेंच पार निसटतें.

ही लेखकांची चूक, असें कोणी म्हणेल. आमचें मत तसें नाहीं. याच भागांत दुकात वेयुनला सांगतो कीं, शत्रूचा संहार म्हणजे खरा विजय नव्हे. आपल्याला विरोध करण्यांत चूक झाली, हें त्याच्याकडून वदविलें पाहिजे. अशा मनुष्याला नुसतें उभें राहून जिंकणें कसें रुचावें? त्याला सिस्को हरलेला नको, फसलेला हवा होता. युद्धशास्त्राला सोडून असलेला हा डाव स्वभावाला मात्र धरून आहे.

आमची तक्रार पुढें आहे. सुरुंग अखेर उडतातच, कुमक वर्महोलांत शिरते, आणि तेथील देवतुल्य रहिवासी सिस्कोच्या विनवणीवरून ती सारी अदृश्य करून टाकतात! दुकातच्या अहंकारानें सिस्को तेथवर पोंचला खरा. पण निकाल लावला तो परक्यांनींच. इतका बारकाईनें रंगविलेला खल असा आयत्या चमत्कारानें पाडावयाचा होता, तर व्यूहाचा खटाटोप कशाला?

शेवटीं मेलेल्या मुलीशीं पुटपुटत कोठडींत बसलेला दुकात सिस्कोनें मागें ठेवलेला बेसबॉलचा चेंडू त्याला परत करतो. मार्क अलायमो यांचा हा अभिनय मात्र सबंध लढाईहून मोलाचा वाटला.