भिंतीवरील गद्य आणि 'समाजस्वास्थ्य'

जळगावाहून धुळ्याकडे जाताना रस्त्याकाठच्या भिंतींवर 'गुप्त समस्या', 'मर्दानी कमजोरी', 'हमखास इलाज' असे एक गद्य वाचावयास मिळते. वाङ्मयसमीक्षेने त्याची दखल घेतलेली नाही. परंतु आपले शिश्न लहान आहे ह्या चिंतेने झुरणाऱ्या तरुणावर त्याची पकड आपल्या पाठ्यपुस्तकांहून घट्ट आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ह्या गद्याचे सारे बळ एका विशेषणात आहे. 'लहान' हे सापेक्ष विशेषण होय. कशाहून लहान, हे मात्र भिंत कधीच सांगत नाही. तुलनेची बाजू वाचकाने आपल्या भयाने भरून काढावयाची असते. वस्तुतः आकडे उपलब्ध आहेत. डेव्हिड व्हील व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १५,५२१ पुरुषांची, वैद्यकीय व्यक्तींनी घेतलेली मापे एकत्र केली. शिथिलावस्थेत सरासरी लांबी ९.१६ सें.मी. आणि ताठरावस्थेत १३.१२ सें.मी. निघाली. केरळातील २००७ च्या अभ्यासात ताठरावस्थेची सरासरी १३.०१ सें.मी. आहे; ते माप अवघ्या ९३ पुरुषांचे, हे मात्र ध्यानी ठेवावे. शिवाय स्वतःचा अवयव माणूस वरून पाहतो, म्हणून तो आखूड भासतो. आणि शिथिलावस्थेवरून ताठरावस्थेचा अदमास बांधता येत नाही.

शास्त्राधार म्हणून 'कामसूत्रा'कडे बोट दाखविण्याचीही रीत आहे. पण वात्स्यायनाने शश, वृष व अश्व हे भेद केले ते जोडीच्या अनुरूपतेसाठी. समरतास श्रेष्ठ मानणाऱ्या त्या व्यवस्थेत 'शश' हा रोगी ठरत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर र. धों. कर्वे ह्यांच्या 'समाजस्वास्थ्य' (१९२७-१९५३) मासिकातील प्रश्नोत्तरांचे मोल कळते. तेथे अवयवास नाव होते आणि प्रश्नास उत्तर होते. उपरोधाचा अतिरेक हा कर्व्यांच्या शैलीचा दोष खराच. भित्र्या प्रश्नकर्त्यास तो बोचला असेल. तथापि भिंतीवरील गोड शब्दांपेक्षा ही बोच निरुपद्रवी होती. अशा उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरीही दंड झालाच.

कामशक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. भिंत अवयवाचे नाव घेत नाही, ते केवळ लज्जेमुळे नव्हे.