पडद्यावरचे साहेब आणि गावाकडचा जवान

2019 च्या जानेवारीत ‘उरी’ तुफान चालला आणि हिंदी युद्धपटाला एक साचा सापडला. ‘उरी’तला मेजर काल्पनिक होता, त्यानंतर खऱ्या शूरांच्या चरित्रांची रांग लागली. ‘शेरशाह’ कॅप्टन विक्रम बत्रा यांच्यावर, ‘मेजर’ संदीप उन्नीकृष्णन यांच्यावर, ‘सॅम बहादुर’ फील्ड मार्शल माणेकशा यांच्यावर, तमिळ ‘अमरन’ मेजर मुकुंद वरदराजन यांच्यावर. या माणसांच्या शौर्याबद्दल शंका नाही. पण हुद्दे वाचत जा: कॅप्टन, मेजर, मेजर, फील्ड मार्शल. रेझांग ला इथल्या लढाईवर 2025 मध्ये ‘120 बहादुर’ आला, त्याच्याही केंद्रस्थानी मेजर शैतान सिंगच आहेत. नावात एकशे वीस जण, नायक एक.

महाराष्ट्राचं फौजेशी नातं मात्र प्रामुख्याने जवानाचं, नाईक-हवालदाराचं, फार तर सुभेदाराचं आहे. सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे (मिलिटरी) या गावाने पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले आपले दोघे, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव. एक नाईक, दुसरा शिपाई. घाडगे यांच्या स्मरणार्थ इटलीतल्या मोन्तोने गावात 2023 साली सूर्यघड्याळ उभं राहिलं. आपल्या निर्मात्यांना यात कथा दिसत नसेल, तर दोष कथेचा नाही.

आकुर्डीत बसून हे लिहिताना आणखी एक उणीव डोळ्यांत भरते. इथून लोकलने लोणावळ्याकडे निघालं की पुढचंच स्टेशन देहूरोड, म्हणजे छावणी आणि लष्कराचे डेपो. पुण्याकडे गेलं की दापोडीला सीएमई हे लष्कराचं अभियांत्रिकी कॉलेज, खडकीला बॉम्बे सॅपर्स हे लष्करी अभियंत्यांचं दल, दारूगोळा कारखाना आणि 512 आर्मी बेस वर्कशॉप. या पट्ट्याला युद्ध म्हणजे गोळाबार एवढंच नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. युद्ध म्हणजे सुटे भाग, दुरुस्ती, रसद, वेळेवर पोचलेली पेटी. आणि पेन्शनीत आलेला फौजी म्हणजे कंपनीच्या गेटवर रात्रपाळीला उभा असलेला, सगळे ज्याला ‘मेजर’ म्हणतात तो माणूस. मग तो हवालदार म्हणून का निवृत्त झालेला असेना. आपल्या युद्धपटांत ना हे काम दिसतं, ना हा माणूस.

काम दाखवून युद्ध कसं उभं करता येतं, याचा अलीकडचा उत्तम नमुना एडवर्ड बर्गर यांच्या 2022 च्या जर्मन ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मध्ये आहे. मेलेल्या सैनिकांचे गणवेश उतरवले जातात, धुतले जातात, बायका शिलाई मशीनवर भोकं बुजवतात आणि तेच कपडे नव्या पोरांच्या अंगावर चढतात. संवाद जवळपास नाहीच. तरी युद्ध हा माणसं कच्चा माल म्हणून वापरणारा कारखाना आहे, हे कळायला काही बाकी राहत नाही. असा एक प्रसंग आपल्याकडे कुणी लिहिलेला नाही, याची असूया वाटते.

आपल्याकडे संधी आली होती आणि ती अगदी दारात आली होती. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर फौजेत गेले ते ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कायमचं अपंगत्व आलं; 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पुढे नोकरी केली टेल्कोत. जवान, जखमी, खेळाडू, कामगार: एका आयुष्यात पिंपरी-चिंचवडचा अर्धा इतिहास. कबीर खान यांच्या ‘चंदू चॅम्पियन’ने (2024) यातला खेळाडू उचलला. कार्तिक आर्यनने घेतलेले कष्ट दिसतात, चित्रपट कंटाळवाणाही नाही. पण जिंकण्याच्या घाईत तो रोज कामावर जाणाऱ्या माणसापाशी थांबतच नाही. गोळी शरीरात घेऊन पाळी करणं हे पदकाइतकंच मोठं आहे, हे या गावात कुणालाही पटलं असतं.

फौजीचं नागरी समाजात काय होतं, हा प्रश्न हिंदीत थेट विचारला तो एका मराठी माणसाने. नाना पाटेकर यांचा ‘प्रहार’ 1991 चा. त्यातल्या मेजर चव्हाणांच्या भूमिकेसाठी त्यांनी मराठा लाइट इन्फन्ट्रीबरोबर प्रशिक्षण घेतलं होतं आणि पूर्वार्धातलं प्रशिक्षण आजही अंगावर येतं, कारण त्यात देखणेपणा नाही. घाम, चिडचिड, भीती आहे. चव्हाणांच्या हाताखाली तयार झालेला, पाय गमावून परतलेला पीटर बेकरीत काम करतो आणि गुंडांच्या हातून मरतो, तिथवर चित्रपट अव्वल. त्यानंतर मेजर चव्हाण स्वतःच न्यायाधीश होतात आणि दिग्दर्शक त्यांच्या बाजूने वकिली करतो. सगळा देश कवायतीच्या मैदानावर उभा केला की सुधारेल, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. तरी चुकीचं उत्तर देणारा ‘प्रहार’ प्रश्नच न विचारणाऱ्या आजच्या चकचकीत युद्धपटांपेक्षा मोठा आहे.

मराठीत राम गबाले यांचा ‘छोटा जवान’ 1963 चा, चीनच्या युद्धाच्या सावलीतला. पण त्याची परंपरा झाली नाही. पैसा नाही, रणगाडे कुठून आणायचे, ही सबब ठरलेली. ती खोटी ठरवली छोट्या पडद्याने. ‘लागिरं झालं जी’ (2017–19) या मालिकेत साताऱ्याकडचा फौजेत जायचा ध्यास घेतलेला अजिंक्य आणि त्याच्या भोवतीचं गाव लोकांनी रोज पाहिलं. मालिकेचं पाणी घालणं त्यातही होतंच. पण भरतीची धडपड, घरच्यांची घालमेल आणि गावातला मान या गोष्टींना प्रेक्षक आहे, एवढं तिने दाखवून दिलं.

कुणाला सुरुवात करायची असेल तर खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून करावी. कारवारकडचे राम राघोबा राणे तिथे साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि पुढे अधिकारी बनले. एप्रिल 1948 मध्ये राजौरीच्या वाटेवर त्यांनी सुरुंग काढले, अडथळे हटवले, रस्ता केला. रणगाड्याच्या आडोशाने सरपटत, दोरी ओढून चालकाला इशारे देत. परमवीरचक्र मिळालं ते या कामाला. निर्मात्यांनो, त्यासाठी रणगाड्यांचा ताफा लागत नाही, एक रणगाडा पुरतो.