‘उंबरठा’ : एका संज्ञेची तपासणी

प्राण्यांच्या हृदयावरील विद्युदाघातांच्या संशोधनपर वाङ्मयात ‘थ्रेशोल्ड’ ही संज्ञा पदोपदी भेटते. मराठीत तिच्यासाठी ‘उंबरठा’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. या सहजतेचीच तपासणी येथे करावयाची आहे. प्रस्तुत लेखक शरीरक्रियाशास्त्रज्ञ नाही. त्याचा आक्षेप केवळ शब्दयोजनेपुरता आहे.

उंबरठ्याला दोनच बाजू असतात. माणूस आत असतो, नाही तर बाहेर. बाउडिच याने १८७१ साली बेडकाच्या हृदयाविषयी जे दाखविले, त्यास हे रूपक यथार्थ लागू पडते. उद्दीपन ठरावीक मर्यादेखाली राहिल्यास स्नायू आकुंचन पावत नाही. मर्यादा ओलांडताच तो पूर्ण आकुंचन पावतो, आणि आघात वाढविल्याने त्यात भर पडत नाही.

पुढे १८९९ साली जिनीव्हा येथे प्रेव्हो व बातेल्ली यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत असे आढळले की, मंद प्रवाहाने हृदयात तंतुकंप, म्हणजे स्नायुतंतूंची विस्कळीत थरथर, सुरू होतो आणि प्रबळ आघाताने तो थांबू शकतो. हा कंप थांबविणाऱ्या किमान शक्तीसही कालांतराने ‘थ्रेशोल्ड’च म्हणू लागले. येथे रूपक मोडते. त्याच प्राण्यास तितक्याच शक्तीचा आघात दिला असता कंप एकदा थांबतो, एकदा थांबत नाही; शक्ती वाढेल तशी यशाची संभाव्यता क्रमाक्रमाने वाढते. याला उंबरठा न म्हणता चढण म्हणणे अधिक योग्य ठरेल.

तिसरा प्रकार अपायाचा. पेशीपटलावरील विद्युद्दाब सुमारे १ व्होल्टच्या घरात गेला की पटलास सूक्ष्म छिद्रे पडतात, आत कॅल्शियम शिरते, आणि पेशी काही काळ दुर्बल होते किंवा मरते. हा परिणाम आघाताच्या कालावधीवरही अवलंबून असल्याने येथेही एकच ठाम रेषा आखता येत नाही.

‘उंबरठा अमुक ज्यूल’ असे वाचणारा विद्यार्थी त्या आकड्याखाली अपयश व वर यश निश्चित मानतो. मोजक्या आघातांवरून काढलेला अंदाज त्याला हृदयाचा स्थिर गुणधर्म वाटतो, आणि दोन आकड्यांतील किरकोळ फरकावर तो सिद्धान्त उभारू पाहतो.

यास्तव ‘उंबरठा’ पेशीच्या उद्दीपनापुरताच राखावा. तंतुकंपाच्या बाबतीत ‘निम्म्या वेळा यश देणारी शक्ती’ असे लिहून किती आघात दिले तेही सांगावे. तिसऱ्या प्रकारास ‘पटलभेद’ म्हणावे. प्रयोगातील प्राण्याने जे उत्तर जीव देऊन दिले, ते निदान नेमक्या शब्दांत नोंदविले जावे.